आइंडहोवनच्या रनवेवरचं राखाडी विमान

हे नेदरलँड्समधलं आइंडहोवन एअरपोर्ट. रनवेच्या अलीकडे सुट्टीला निघालेल्या लोकांची गर्दी, आणि त्याच रनवेच्या पलीकडे उभं असलेलं हे राखाडी विमान. शेपटीखाली लांब दांडा दिसतोय ना, तो बूम. उडत्या फायटर जेटमध्ये हवेतल्या हवेत इंधन भरतात ते याच दांड्यातून. एअरबस ए३३० एमआरटीटी, म्हणजे हवेतला टँकर, एका वेळी १११ टन इंधन घेऊन उडतं.

कुणाचं आहे हे विमान? नोंदणी डच, क्रू वेगवेगळ्या देशांचे, मालकी नाटोची. असं विमान एकेकट्याने घेणं छोट्या देशांना झेपत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून उड्डाणाचे तास वाटून घेतलेत, जो जितके तास घेईल तितके पैसे भरेल.

ही वेळ का आली, तर २०११ ची लिबियावरची हवाई मोहीम. फ्रान्स आणि ब्रिटन पुढे होते, बॉम्ब टाकणारी बरीचशी विमानं युरोपची होती, पण त्यांना हवेत टिकवून ठेवणारे टँकर बहुतेक अमेरिकेचे. पुढच्याच वर्षी युरोपियन डिफेन्स एजन्सीने टँकर एकत्र घ्यायचं काम हातात घेतलं, आणि पहिलं विमान इथे उतरलं २०२० मध्ये! म्हणजे लिबियानंतर नऊ वर्षांनी.

(जुनी कृष्णधवल दृश्यं, पॅरिस)

पण खरी गोष्ट खूप आधीची आहे आणि ती नीट सांगायलाच हवी. १९५० साली कोरियात युद्ध पेटलं, अमेरिका म्हणाली पश्चिम जर्मनीलाही सैन्य द्या, आणि महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झालेल्या फ्रान्सला जर्मन सैन्य म्हटलं की धडकीच भरायची. मग फ्रान्सचे पंतप्रधान रेने प्लेवन यांनी मार्ग काढला, जर्मन सैनिक चालतील पण जर्मन सैन्य नको, सगळ्यांची मिळून एकच युरोपियन आर्मी करू. २७ मे १९५२ ला सहा देशांनी पॅरिसमध्ये सह्यासुद्धा केल्या. अमेरिकेलाही हे हवंच होतं, तिने तर फ्रान्सवर दबाव आणला. आणि ३० ऑगस्ट १९५४ ला याच फ्रेंच संसदेत, करारावर चर्चाच नको असा ठराव येतो आणि ३१९ विरुद्ध २६४ मतांनी पास होतो, कम्युनिस्ट आणि पुढे फ्रान्सचे अध्यक्ष झालेल्या जनरल द गॉलचे समर्थक एका बाजूला! फ्रान्सची कल्पना फ्रान्सनेच मारली. मला आजही ही युरोपची सगळ्यात महागडी चूक वाटते.

पुढच्या मे महिन्यात पश्चिम जर्मनी थेट नाटोत गेला.

ही बघा पॅरिसची दोफिन युनिव्हर्सिटी. वरून इमारतीचा आकार इंग्रजी 'ए' सारखा दिसतो, अलायन्सचा ए, कारण हे नाटोचं मुख्यालय होतं. १९६६ मध्ये द गॉलनी नाटोच्या लष्करी कमांडमधून फ्रान्सला बाहेर काढलं, पुढच्या वर्षी मुख्यालय ब्रसेल्सला हललं, आणि तेव्हाच्या ऑफिसांत आता पोरं लेक्चरला बसतात.

जून २०२५ ला हेगमध्ये नाटोच्या बैठकीत संरक्षणावर जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं ठरलंय, तो पैसा कुठून कापून आणणार हे प्रत्येक देशाला बघावं लागेल.

पुन्हा आइंडहोवन. युरोपची एक आर्मी नाही झाली, पण एकत्र येणं जमतं याचा पुरावा या रनवेवर उभा आहे, आणि असे पुरावे वाढायला हवेत, लवकर वाढायला हवेत.

निघालं. आता मी बोलत नाही, बघा.