मोहिमेची सूत्रं त्यांच्या हाती

24 सप्टेंबर 2014. मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि बंगळुरूहून एक छायाचित्र जगभर गेलं. भरजरी साड्या, केसांत गजरे, आनंदानं एकमेकींना मिठी मारणाऱ्या बायका. पुढे इस्रोनंच सांगितलं, की छायाचित्रातल्या बायका प्रशासकीय विभागातल्या कर्मचारी. त्यांचा आनंद खराच होता. पण ज्यांनी यान तिथवर नेलं, त्या शास्त्रज्ञ स्त्रिया वेगळ्या. त्यांची ओळख व्हायला हवी.

(दृश्य: नियंत्रण कक्ष, पडद्यांवरचे आकडे)

पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळापाशी पोचायला त्या दिवशी 12 मिनिटं लागत होती. उत्तर यायला पुन्हा तेवढीच. ऐन वेळी काही बिघडलं, तर बंगळुरूत बसून काय करणार? म्हणून बिघाड ओळखणं आणि पर्यायी यंत्रणा सुरू करणं यानाला स्वतःच जमायला हवं होतं. यानाला ही स्वायत्तता देण्याच्या कामात लखनौच्या रितू करिधाल आघाडीवर होत्या.

त्यांच्याआधी वाट पाडली टी. के. अनुराधा यांनी. 1982 साली त्या इस्रोत रुजू झाल्या. 2011 मध्ये जीसॅट-12 हा उपग्रह झेपावला, तेव्हा त्याच्या प्रकल्प संचालक त्या होत्या. इस्रोत उपग्रहाचं हे पद सांभाळणारी पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी एन. वलारमती यांच्या नेतृत्वाखाली रिसॅट-1 उपग्रह गेला.

प्रकल्प संचालक नेमकं करतो काय? उपग्रहाचं वजन ठरलेलं, वीज मोजकी, इंधन मोजकं. प्रत्येक गटाला आपल्या उपकरणासाठी थोडं जास्त हवं असतं. कोणाला किती द्यायचं, कुठली चाचणी पुन्हा घ्यायची, याचा शेवटचा शब्द एकाच व्यक्तीचा. आणि चुकलं, तर जाबही तिलाच.

चांद्रयान-2 मध्ये हा भार मुथय्या वनिता यांच्यावर होता, आणि मोहीम संचालक होत्या रितू करिधाल. ग्रहगोलांकडे निघालेल्या भारतीय मोहिमेची धुरा प्रथमच स्त्रियांच्या हाती आली होती. 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे, चंद्रावर उतरता उतरता विक्रम या लँडरचा संपर्क तुटला. देश हळहळला आणि बहुतेकांच्या लेखी मोहीम तिथेच संपली.

ती संपली नव्हती. चांद्रयान-2 चं कक्षायान चंद्राभोवती फिरतच राहिलं. त्याच्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या बारीक तपशिलांच्या छायाचित्रांवरून चांद्रयान-3 साठी उतरण्याची जागा पारखली गेली. ऑगस्ट 2023 मध्ये नवा विक्रम चंद्राजवळ पोचला, तेव्हा त्याचा संपर्क याच जुन्या कक्षायानाशी जोडला गेला. वनितांच्या कामाचं मोल सांगताना हे सांगायलाच हवं. 23 ऑगस्टला विक्रम अलगद उतरला. त्या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक होत्या कल्पना कालहस्ती.

(दृश्य: आदित्य एल-1 चं उड्डाण)

मग दहाच दिवसांनी आदित्य एल-1. पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळणारं यान. प्रकल्प संचालक निगार शाजी, तमिळनाडूतल्या सेंगोट्टाईच्या, 1987 पासून इस्रोत. यानावरची सूट ही अतिनील किरणांत सूर्य टिपणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं इस्रोच्या साथीनं घडवली.

इस्रोच्या अध्यक्षपदावर मात्र 1969 पासून आजवर एकही स्त्री आलेली नाही. चंद्र आणि सूर्याच्या मोहिमा या स्त्रियांनी पेलल्या. अनुभव कमी पडतो, असं आता कोणी म्हणू नये.