फिलेमोनाच्या घरी आलेलं पत्र

(दृश्य : पपायरसचा तुकडा, बोरू, काजळीची शाई)

बायबलच्या नव्या करारातलं हे पत्र, ख्रिस्ताचा आद्य प्रचारक पौल याने लिहिलेलं. मूळ ग्रीकमध्ये ३३५ शब्द. पौलाच्या पत्रांत सर्वांत छोटं. तरी इजिप्तच्या वाळूत सापडलेली साधी घरगुती पत्रं पाहिली, तर ती बहुतेक शंभर शब्दांच्या आतच आटोपतात.

पौल कैदेत आहे. अनेसिम नावाच्या गुलामाला तो मालकाकडे, फिलेमोनाकडे, परत धाडतो आहे. विषय दोघांमधला. पण मायना पाहा : फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प 'आणि तुझ्या घरातली मंडळी'. असं पत्र जमलेल्यांपुढे मोठ्याने वाचलं जाई. म्हणजे नकार द्यायचा तर चारचौघांत, आणि त्या समाजात अब्रूही चारचौघांतच ठरे. इंग्रजीतून वाचणाऱ्याच्या हातून हे निसटतं, तिथे 'तू' आणि 'तुम्ही' एकच. मराठीत फरक दिसतो : आरंभीचा आशीर्वाद 'तुम्हांला', मधली सगळी गळ 'तुला', शेवट पुन्हा 'तुम्हां'सगळ्यांना.

(दृश्य : पत्रातलं वचन, म्हणजे क्रमांक दिलेली ओळ, १८ आणि १९)

इथे भाषा वहीखात्याची होते. त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावे मांड. मी पौल स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. पत्रं बहुधा लेखनिक लिहीत. देणेकऱ्याच्या हातची अशी ओळ म्हणजे कर्जरोखाच. लगेच टोला : तू स्वतःच माझं देणं लागतोस, ते मी काढत नाही. (काढलंच की!) उपकार घेतला की फेडायचा, हे तिथे कायद्याइतकंच पक्कं होतं.

अनेसिम चोरी करून पळाला, असं सर्रास सांगतात. पत्रात 'पळाला' हा शब्दच नाही. रोमन कायदेपंडित प्रोक्युलसच्या मते, रदबदलीसाठी मालकाच्या मित्राकडे गेलेला गुलाम फरारी ठरत नाही. रोमन लेखक धाकटा प्लिनी आपल्या मित्राच्या मुक्तदासासाठी (मुक्त केलेल्या गुलामासाठी) अशीच रदबदली करतो, तेव्हा त्या मुक्तदासाचे अश्रू आणि पश्चात्ताप ठसवून सांगतो. पौल अनेसिमच्या पश्चात्तापाबद्दल अवाक्षर काढत नाही.

'त्याला मुक्त कर' असंही तो थेट म्हणत नाही. गुलामाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे, एवढंच. मग २२व्या वचनात जाता जाता : माझ्यासाठी खोली तयार ठेव. म्हणजे काय झालं ते बघायला पौल स्वतः येणार.