पाठीला हवी असते हालचाल

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओ ऐकायला डोळे लागत नाहीत, हातही मोकळे असतात. तेव्हा एवढं करून पाहा. दोन बोटं मानेच्या मागच्या बाजूला, कवटी संपते त्याच्या जरा खाली ठेवा. आता मोबाइल बघताना झुकवतो तशी मान पुढे झुकवा. बोटांखालचे स्नायू दोरीसारखे ताणलेले लागतील. मान वर करा, ते सैल पडतील.

मोठ्या माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या बरोब्बर वर असलं की मणक्यांवर तोललं जातं. पुढे गेलं की मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पेलते, हात लांब करून धरली की दंड भरून येतो, तसंच हे आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका शल्यविशारदांनी याचं गणित मांडलं होतं. मान ६० अंशांत झुकली तर मानेवर सुमारे २७ किलोइतका भार येतो, असं त्यांचं उत्तर निघालं.

आता पोक काढून बसा आणि खोल श्वास घ्या. मध्येच अडल्यासारखा वाटतो ना? श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला पडदा खाली सरकतो. पोट दुमडलेलं असलं की त्याला जागा कमी पडते, फासळ्याही पुरत्या उघडत नाहीत. जेवल्यावर असंच वाकून बसलं तर पोटावर दाब येऊन आंबट पाणी घशाशी येऊ शकतं.

म्हणूनच लहानपणापासून आपण ऐकत आलो, ‘ताठ बस.’ मीही माझ्या मुलाला हेच सांगत असे. आज मला ते अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेलं अर्ध मला दुखण्यानं शिकवलं. काही महिने लॅपटॉपवर सलग काम केल्यावर रात्री माझ्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. मी चांगली महागाची खुर्ची आणली. तिच्यावर अगदी शिस्तीत, तीन-तीन तास ताठ बसून राहिले. दुखणं होतं तिथंच राहिलं. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. व्यायाम तर त्यांनी दिलेच, पण आधी टेबलावरची पाण्याची मोठी बाटली उचलायला लावली. लहान पेला घ्या, म्हणाल्या, तो संपला की भरायला उठा.

यामागचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिचं पोषण आजूबाजूने झिरपत येतं, आणि आपण हललो, वाकलो, चाललो की गादी दबते, फुगते, त्यातून या झिरपण्याला मदत होते. दिवसभरात तिच्यातलं थोडं पाणी निघून जातं आणि रात्री आडवं झाल्यावर परत भरतं. सकाळी आपली उंची एखादा सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळेच. स्नायूंचं म्हणाल तर, एकाच ताणात धरून ठेवलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. तो ताण ताठ बसण्याचा असला तरीसुद्धा. पाठदुखीपासून हमखास वाचवील अशी एकच आदर्श बैठक संशोधकांना सापडलेली नाही. तेव्हा टेकून बसा, पुढे सरका, उभं राहून फोनवर बोला. फक्त अर्ध्या तासाच्या वर एकाच अवस्थेत अडकू नका. लॅपटॉपचा, मोबाइलचा पडदा डोळ्यांच्या पातळीजवळ आणा. पाय जमिनीला टेकू द्या.

मनाचंही यात आहे. ‘खांदे पडले’, ‘कंबर खचली’, ‘ताठ मानेनं जगला’ असं आपण उगाच म्हणत नाही. ऐटीत, हातपाय ऐसपैस पसरून बसल्यानं किंवा उभं राहिल्यानं शरीरातली रसायनं बदलतात, असा दावा २०१० मध्ये गाजला होता. मोठ्या चाचणीत तो टिकला नाही. पण खिन्न माणूस आक्रसून बसतो हे आपण घरात पाहतोच. अशा वेळी त्याला ‘नीट बस’ म्हणण्यापेक्षा ‘चल, जरा चालून येऊ’ म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

हातापायांत बधिरपणा आला, जोर कमी वाटू लागला, तर बैठक सुधारत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, ताबडतोब.

आणि घरातल्या आजी-आजोबांविषयी एक विनंती. त्यांची पाठ वाकली की आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. पण हाडं ठिसूळ झाली की मणका हळूच दबून मोडतो, पुष्कळदा फारसं न दुखता, आणि पाठ वाकत जाते. त्यांना ‘सरळ उभ्या राहा’ म्हणून टोकू नका. भिंतीला पाठ लावून त्यांची उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली, तर तो आकडा कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा. हाडं बळकट करणारी औषधं आहेत, आणि ती वेळेवर सुरू झाली तर पुढचा मणका वाचू शकतो.

नमस्कार.