अटक झाली होती, पण केसचं पुढे काय झालं?

(दृश्य: हिंजवडीतल्या एका कंपनीचा जॉइनिंग फॉर्म. पडद्यावर फक्त एक रकाना.)

हा रकाना नीट वाचा. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, खटला चालू आहे का, कोर्टाने शिक्षा दिली आहे का. एका दमात चार प्रश्न, आणि चारही उत्तरं वेगळी असू शकतात. कॉलेजच्या वयात विसर्जन मिरवणुकीत मारामारी झाली, रात्र पोलीस ठाण्यात गेली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. मग दहा वर्षं कुणी फिरकलं नाही. अशा माणसाला आपली केस संपली की नाही हेच बहुतेक वेळा माहीत नसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. सज्ञान माणसाची अटकेची नोंद अर्ज करून पुसून टाकण्याचा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. परदेशी व्हिडिओ बघून ती अपेक्षा धरू नका, आणि ‘रेकॉर्ड क्लिअर करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नका. आपल्याकडे काम वेगळं आहे. केसचा कायदेशीर शेवट झाला आहे का ते शोधायचं, नसेल तर तो करून घ्यायचा आणि पोलिसांच्या नोंदीत चढवायचा.

अल्पवयीनांचं मात्र वेगळं आहे. घटनेच्या दिवशी वय १८ पेक्षा कमी असेल, तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ लागू होतं. त्या प्रकरणामुळे नोकरीत अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद एकच: १६ वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी बाल न्यायालयाने प्रौढासारखा खटला चालवून त्याला दोषी धरल्याचा. पुण्यात ही प्रकरणं येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे चालतात.

(दृश्य: शिवाजीनगर न्यायालयाचं आवार, सकाळ.)

केस शोधायची ती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर. पुणे जिल्हा निवडा. पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) आणि वर्ष टाकून बघा. ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ हे दोन्ही पर्याय तपासा. नावाने शोधताना आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी टाका, कारण दोषारोपपत्रात लिहिणाऱ्याने त्याच्या कानाला पटेल तशी लिहिलेली असतात. केस सापडली की तिचा १६ अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर टिपून घ्या. पुढे सगळीकडे तोच लागतो.

सापडली नाही म्हणजे केस नाही, असं मात्र नाही. दोषारोपपत्रच कोर्टात गेलं नसेल, किंवा केस संगणकीकरणाच्या आधीची असेल. मग पोलीस ठाणं गाठावं लागतं, आणि तिथे हद्दीचा घोळ होतो. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवड आयुक्तालय वेगळं झालं. हिंजवडी, निगडी, चिंचवड ही ठाणी पुणे शहराकडून तिकडे गेली, चाकण आणि तळेगाव ग्रामीणकडून. लोणी काळभोर २०२१ मध्ये ग्रामीणकडून पुणे शहराकडे आलं. जुना गुन्हा आज कोणत्या आयुक्तालयात आहे हे न बघता अर्ज टाकला, तर तो फिरत राहतो. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकारात एकच साधा प्रश्न विचारा: गु.र.नं. अमुक, साल तमुक, अंतिम अहवाल कोणत्या तारखेला कोणत्या न्यायालयात पाठवला? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा.

कधी कधी गुन्हाच नसतो. सणाच्या किंवा निवडणुकीच्या आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली उचललं, चॅप्टर केस झाली, चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला. ही प्रतिबंधक कारवाई आहे. यात एफआयआर नसतो आणि शिक्षाही नसते. बाँडची मुदत संपल्याचा कागद तेवढा काढून ठेवा.

गुन्हा दाखल झाला आणि पुरावा मिळाला नाही, तर महाराष्ट्रात पोलीस कोर्टाला समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी, खोडसाळ. ‘क’ म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही; गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. नोकरीच्या दृष्टीने ‘ब’ सगळ्यात भक्कम, ‘अ’ सगळ्यात कच्ची, कारण तिच्यात तपास पुन्हा उघडायला जागा राहते. पण पोलिसांनी समरी पाठवली एवढ्याने केस संपत नाही. फिर्यादीला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं, आणि न्यायदंडाधिकारी ‘समरी मंजूर’ असा आदेश करतात तेव्हा ती संपते. हा आदेश वर्षानुवर्षं न झालेली प्रकरणं असतात. वकील लावून ते बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या सुनावणीच्या यादीत, आणावं लागतं.

(दृश्य: रोजनाम्याचं शेवटचं पान, जवळून. बोट एका ओळीवर.)

केस कोर्टात चालली असेल तर रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या तारखावार नोंदीची, ही शेवटची ओळ बघा, कारण सगळं हिच्यावर आहे. ‘तडजोड झाल्याने आरोपीची निर्दोष मुक्तता’ असं असेल तर उत्तम; तडजोडीने मिटलेल्या केसचा कायद्याने परिणाम निर्दोष सुटण्याचाच असतो. ‘आरोपीने गुन्हा कबूल केला, दंड भरला’ असं असेल, तर ती शिक्षा आहे. दंड दोनशे रुपये असला तरी. लोकअदालतीच्या दिवशी ‘कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा’ असा सल्ला सर्रास मिळतो. दारू पिऊन गाडी चालवणं, जुगाराचा अड्डा, रस्त्यावरचा आरडाओरडा, सगळ्याला हाच तोडगा. तारखा वाचतात हे खरं. पण पुढे फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का’ याचं उत्तर ‘हो’ होतं. आमच्या मते नोकरी शोधणाऱ्याने सही करण्याआधी वकिलाला एकच विचारावं: ही तडजोड आहे की कबुली?

तिसरी शक्यता वाईट. तारखांना गेला नाहीत, वॉरंट निघालं, जामीनदाराला नोटीस गेली आणि फाइल सुप्त यादीत जाऊन पडली. असं असेल तर पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज करण्याआधी वकिलामार्फत हजर व्हा आणि वॉरंट रद्द करून घ्या. पडताळणीला गेलेल्या माणसाला वॉरंटवर तिथेच बसवून घेतलं जाऊ शकतं.

केस चालू आहे आणि फिर्यादीशी मिटलं आहे, तेव्हा कलमं बघायची. जुन्या दंड संहितेतली ३२३ (साधी मारहाण), ५०४ (डिवचणारा अपमान), ५०६ (धमकी) खालच्या कोर्टात मिटतात. हत्याराने मारहाणीचं ३२४ मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात एफआयआर रद्द करून घ्यावा लागतो, ज्याला वकील ‘क्वॉशिंग’ म्हणतात. पूर्वी तो अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली होई. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८ आहे. फिर्यादीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि घोडं बऱ्याचदा तिथेच अडतं. वचन दिलेला फिर्यादी ऐनवेळी मुंबईला यायला तयार नसतो. हो, मुंबईलाच, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे सहा जिल्हे आहेत, त्यांत पुणे नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही.

निकाल लागलेला असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करा. केस नंबर, निकालाची तारीख, कोर्टाचं नाव लिहा. निकालपत्र आणि रोजनामा दोन्हींची प्रमाणित प्रत मागा. हमखास होणारी चूक म्हणजे कोर्टाने केसला दिलेल्या आर.सी.सी. (नियमित फौजदारी) किंवा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी) नंबरच्या जागी पोलिसांचा गुन्हा नंबर लिहिणं. त्या नंबरावर अभिलेख कक्षात काहीच सापडत नाही. फाइल मुदत संपून नष्ट झाली असेल तर नोंदवहीतला उतारा मागा. प्रती तीन घ्या.

एक प्रत पोलीस ठाण्यात, पोच घेऊन. कोर्टाचा निकाल ठाण्याच्या नोंदीत चढलेला नसणं ही पडताळणी अडकण्याची नेहमीची तऱ्हा आहे. सुटून वर्षं झाली तरी संगणकात ‘न्यायप्रविष्ट’ दिसत राहतं. बोटांचे ठसे आणि फोटो घेतले असतील तर त्याच अर्जात २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाचं कलम ४ लिहा. आधी शिक्षा नसलेला माणूस खटल्याशिवाय सुटला किंवा निर्दोष ठरला आणि अपिलाचे मार्ग संपले, की कोर्टाने वेगळा आदेश केलेला नसल्यास ते नष्ट करायचे असतात. नाही तर नोंद ७५ वर्षं राहू शकते.

नोंद चढल्यावरच चारित्र्य पडताळणीचा ऑनलाइन अर्ज भरा. त्यात गुन्ह्याबद्दल विचारलं असेल तिथे खरं लिहा आणि दुसरी प्रत जोडा.

(दृश्य: पुन्हा तोच रकाना, आता पेन हातात.)

फॉर्ममध्ये किती सांगायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सरकारी नोकरीपुरतं हे बरंचसं स्पष्ट केलं. जे नेमकं विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्या; न विचारलेलं न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. तरुण वयातली घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा लपवला गेला, तर नियुक्ती करणारा अधिकारी तो दुर्लक्षित करू शकतो. उलट, खरं सांगितलं म्हणून नोकरी दिलीच पाहिजे असंही नाही. सरकारी साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्ममध्ये) अटकेबद्दल स्पष्ट विचारलं असेल, तर निर्दोष सुटलेल्यानेही ‘हो’ लिहावं आणि खाली दोन ओळी: गु.र.नं., पोलीस ठाणं, न्यायालय, निकालाची तारीख, ‘निर्दोष मुक्तता, प्रमाणित प्रत सोबत’. खासगी कंपनीने फक्त शिक्षा आणि प्रलंबित खटला विचारला असेल, आणि दोन्ही नसतील, तर ‘नाही’ हेच खरं उत्तर आहे.

खासगी पडताळणी करणाऱ्या संस्था कोर्टांचा डेटा आधीच उतरवून ठेवतात, म्हणून त्यांच्या अहवालात जुनी स्थिती येऊ शकते. तसं झालं तर फोनवर वाद घालू नका. एचआरला ईमेल करा, सीएनआर नंबर लिहा, तिसऱ्या प्रतीचा स्कॅन जोडा आणि दुरुस्त अहवाल लेखी मागा.