औषधाविना एचआयव्हीला रोखून धरणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो, आज अशा माणसांबद्दल बोलायचंय ज्यांना एचआयव्ही होऊन वीस-पंचवीस वर्षं झालीत, एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या औषधांची, एक गोळी घेतलेली नाही, तरी तब्येत ठणठणीत आणि एक मिली रक्तात व्हायरस ५० कॉपीजच्याही (प्रतींच्याही) खाली. त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात, आणि पॉझिटिव्ह लोकांत ते शंभरात एकसुद्धा पुरते भरत नाहीत.

आपल्याकडे लगेच म्हणतात की त्यांची इम्युनिटी स्ट्राँग असेल, काढे घेत असतील. तसं नाहीये हो! फरक ताकदीपेक्षा नेमाचा जास्त आहे. बघा, आपली प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर आणून मांडते, दुकानदार माल मांडतो ना तसं, आणि ज्यावर मांडते ती प्रथिनं म्हणजे एचएलए, आईबापाकडून आलेली. २०१० साली बॉस्टनच्या ब्रूस वॉकर वगैरे मंडळींनी जवळपास हजार कंट्रोलर तपासले, तर सगळा रोख या एचएलएकडेच गेला, खास करून बी-५७ आणि बी-२७ या प्रकारांकडे. हे प्रकार व्हायरसच्या आतल्या कवचाचे नेमके असे तुकडे मांडतात की जे बदलले तर व्हायरस स्वतःच लंगडा होतो. म्हणजे सीडी८ नावाच्या मारेकरी पेशी जिथे वार करतात तिथून त्याला सहज रूप बदलून सटकता येत नाही. पण बी-५७ असलेला प्रत्येक जण वाचतोच असं नाही, हे पण ध्यानात ठेवा.

मला सगळ्यात भारी वाटली ती २०२० सालची गोष्ट. चौसष्ट कंट्रोलरच्या पेशी तपासल्या, एचआयव्ही आपल्या पेशीच्या डीएनएत घुसून बसतो ना, तर उरलेला व्हायरस बऱ्याचदा त्या डीएनएच्या ओसाड भागात सापडला, जिथे पेशी सहसा काही वाचतच नाही, त्यामुळे तो तिथे नुसता पडून राहतो. बहुतेक जो जागा होऊन डोकं वर काढायचा त्याला सीडी८ पेशींनी वर्षानुवर्षं टिपला, लपलेले तेवढे उरले. त्यात कॅलिफोर्नियाच्या लॉरीन विलेनबर्गबाईंच्या तर दीडशे कोटी पेशी चाळल्या, १९९२ साली निदान झालेलं, एआरटी नाही, आणि अखंड, म्हणजे पुन्हा वाढू शकेल असा, व्हायरस एकही मिळाला नाही!

पण या माणसांनाही किंमत मोजावी लागते. व्हायरस दिसत नसला तरी लढाई आत चालूच असते, शरीरात आतल्या आत, बाहेरून न दिसणारी सूज (इन्फ्लमेशन) राहते, त्यामुळे हृदयाचे आजार होऊ शकतात, आणि काहींचा ताबा पुढे सुटतो पण. म्हणून "मला काही होत नाहीये, म्हणजे मी पण त्यांच्यातलाच" असं धरून कृपा करून गोळ्या बंद करू नका, ते नुसतं बरं वाटण्यावरून कळत नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला व्हायरस मोजायची तपासणी, करूनच कळतं. आपल्याकडे २०१७ पासून सीडी४ (एचआयव्ही ज्या पेशी संपवतो त्यांचा आकडा) कितीही असो, पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला सरकारी एआरटी सेंटरवर औषध फुकट मिळतं. जवळचं सेंटर कुठे ते विचारायला १०९७ लावा, फोनला पैसे पडत नाहीत.