पोझनानच्या आजींचा बटाटा

नमस्कार श्रोतेहो. आज बटाट्याच्या नावांविषयी बोलणार आहे. पोलंड, चेकिया, रशिया अशा स्लाव भाषांच्या मुलखातल्या नावांविषयी. सोळाव्या शतकात हे पीक दक्षिण अमेरिकेतून युरोपात आलं. ज्याला जे सुचलं, ते त्याने नाव ठेवलं.

पोलंडमधल्या पोझनान शहरात मी एका आजींकडे खोली घेऊन राहत होतो. बटाट्याला पोलिशमध्ये ‘झेम्न्याक’ म्हणतात, असं वर्गात शिकलो होतो. ‘झेम्या’ म्हणजे जमीन, म्हणून झेम्न्याक. पहिल्याच रविवारी आजींनी टोपली पुढे केली आणि म्हणाल्या, “पिरी!” मला काही उमगेना. मी एक बटाटा उचलला आणि आपल्या भाषेत सांगितलं, “बटाटा.” आजींनी मान हलवली. “न्ये, न्ये!” कपाटातून त्यांनी एक लालसर रताळं काढलं, बटाट्याशेजारी ठेवलं. रताळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “बातात.” मग बटाट्यावर, “पिरा.”

आजींचंच बरोबर होतं! ‘बटाटा’ हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, आणि त्यांच्याकडे तो रताळ्याचा. पुढे पोर्तुगीजांनी तोच बटाट्याला लावला आणि आपल्या किनाऱ्यावर आणला. पुन्हा सांगतो, आपण बटाट्याला रताळ्याच्या नावाने हाक मारतो. आणि पोझनानकडची ‘पिरा’? ती पेरू देशावरून आली, असं मानतात.

त्या दिवशी आजींनी पिरी सालासकट उकडल्या आणि वर ‘ग्झिक’ घातलं, म्हणजे दह्याच्या चक्क्यासारखं ताजं चीज, त्यात साय आणि बारीक कांदा. बटाटा सालासकटच उकडावा, श्रोतेहो. सोलून उकडला की पाणी धरतो, मग भाजीचा चिखल होतो. आमच्या आईचंही हेच म्हणणं.

तर बाकीची नावं. चेक लोक म्हणतात ‘ब्राम्बोर’. जर्मनीतल्या ब्रान्डेनबुर्गचं जुनं चेक नाव ब्रानिबोर, त्यावरून हे आलं. म्हणजे पोझनानकरांनी पेरू धरला, चेकांनी शेजारचा प्रांत. स्लोवेनिया आणि सर्बियात ‘क्रोम्पिर’. हा जर्मन बोलीतल्या ‘ग्रुंडबिर्न’चा अपभ्रंश, अर्थ जमिनीतलं नासपती. रशियन ‘कार्तोफेल’ही जर्मनमधूनच आला, पण त्याचं मूळ इटालियन. जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीचं ते नाव. आणि बेलारूसमध्ये सरळ ‘बुल्बा’, म्हणजे गड्डा.

नमस्कार.