पद्मिनीची बैठक

(दृश्य: कुर्ल्यातली एक गल्ली, सकाळची वेळ. शटर वर जातं. जमिनीवर उलटी ठेवलेली सीट.)

लोखंडी नळ्यांची चौकट. गंजून तपकिरी झालेल्या स्प्रिंगा. त्यांना चिकटलेलं तरट, आणि तरट फाडून बाहेर डोकावणारा काथ्या. गाड्यांच्या सीटा दुरुस्त करणाऱ्या चाचांनी ती मुद्दाम उलटी ठेवली आहे. ते म्हणतात, सीट आधी खालून बघायची, वरून नंतर.

ही आमच्या प्रीमियर पद्मिनीची पुढची सीट. गाडी 1975 सालची. आजोबांनी नंबर लावला होता आणि वर्षानुवर्षं वाट पाहून ती दारात आली. तेव्हा सगळ्यांनाच तशी वाट पाहावी लागे. फियाट 1100 डिलाइट म्हणून 1964 मध्ये आलेल्या गाडीचं ‘पद्मिनी’ हे बारसं 1974 चं, म्हणजे आमची गाडी या नावाच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या याच कुर्ल्यातल्या कारखान्यात ती तयार झाली. त्या जागेवर आता मोठाली संकुलं उभी आहेत. गाडीची सीट मात्र पन्नास वर्षांनी पुन्हा कुर्ल्यात आली आहे.

(दृश्य: जुने कौटुंबिक फोटो. मग पद्मिनीचं आतलं दृश्य, स्टिअरिंगजवळचा गिअर.)

पद्मिनीत बसलेल्या माणसाला तिची पुढची सीट विसरता येत नाही. ती बाकासारखी सलग होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, डाव्या हाताशी. त्यामुळे पुढे मधली जागा मोकळी राहायची, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा तिच्यावर हक्क असायचा. आमच्या घरात ते मूल मी होतो. डावीकडे आई, उजवीकडे बाबा, समोर काच. खंडाळ्याचा घाट मी पहिल्यांदा त्या जागेवरून पाहिला. उन्हाळ्यात हाफ पँटीतल्या मांड्या रेक्झीनला चिकटायच्या आणि उठताना चर्र आवाज यायचा.

तीच सीट काढून टाकावी, असं गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये आम्हाला सांगितलं गेलं. आजकालच्या एखाद्या गाडीच्या दोन सुट्या सीटा बसवू, आरामही मिळेल, मानेला टेकूही मिळेल. टेकूचं म्हणणं खरं आहे. पद्मिनीच्या बाकाची पाठ खांद्यापाशीच संपते, मागून धक्का बसला तर मानेला आधार नाही. ज्यांना गाडी रोज हायवेवर पळवायची आहे, त्यांनी याचा विचार जरूर करावा. पण दुसऱ्या सीटचे रूळ या गाडीच्या भोकांवर बसत नाहीत. मग तळाच्या पत्र्याला नवी भोकं पाडायची, आणि पन्नास पावसाळे खाल्लेल्या पत्र्याला भोक पाडलं की तिथूनच पुढचा गंज सुरू होतो. सीटची उंचीही बदलते. बसणारा दीड इंच वर आला, तर मांड्या स्टिअरिंगला घासतात.

केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी त्यात येते. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी; चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. फेरफाराच्या त्या यादीत सीटचं नाव नाही, पण मूळ रूपाची अट आहेच. सीट राखायची की फेकायची, हे शेवटी मालकानेच ठरवायचं.

आम्ही राखायची ठरवली.

(दृश्य: चाचांचे हात. ब्लेडने शिवण उसवत आहेत. खडूने आकडे.)

पहिलं काम उसवण्याचं. यात घाई केली की सगळं फसतं. खोळ चौकटीला लोखंडी कड्यांनी अडकवलेली असते. एकेक कडी पक्कडीने उघडायची. मग शिवण उसवायची आणि सुटलेल्या प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने आकडा घालायचा: पुढची पट्टी एक, बैठक दोन, उजवी कड तीन. पद्मिनीच्या खोळीचा तयार नमुना कुठे विकत मिळत नाही. ही फाटकी खोळच आता फर्मा आहे, आणि ती हरवली तर नवी खोळ अंदाजाने कापावी लागेल.

उसवता उसवता एक गोष्ट हाती लागली. आमची सीट मातकट करडी आहे, असं आम्ही जन्मभर समजत होतो. पायपिंगखालची, म्हणजे कडेच्या गोल गोटाखालची शिवण उघडली तेव्हा आत बोटाएवढ्या रुंदीची एक पट्टी निघाली, जिला ऊन कधी लागलंच नव्हतं. तिचा रंग होता गडद तांबडा. आई शेजारी उभी होती. ती लगेच म्हणाली, “हो, हाच रंग होता. माझ्या लग्नातल्या शालूच्या काठाचा.”

मग रंग ठरवायला वेगळी चर्चा लागलीच नाही.

(दृश्य: उन्हात उभी गाडी. तडकलेल्या रेक्झीनचं जवळून चित्रण.)

रेक्झीन तडकतं कशामुळे? आपण सरसकट ज्याला रेक्झीन म्हणतो, ते कापडाच्या अस्तरावर चढवलेलं पीव्हीसी असतं. पीव्हीसी मुळात पाण्याच्या पाइपासारखं कडक. त्याला मऊ ठेवण्यासाठी त्यात एक तेलकट द्रव्य मिसळतात. ऊन आणि उष्णतेने ते द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू उडून जातं. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या काचेला आतून धूसर, चिकट थर धरतो ना, त्यात हेच द्रव्य असतं. ते उडालं की रेक्झीन पुन्हा कडक होतं आणि माणूस बसला की मोडतं. मागच्या काचेखालचा सीटचा माथा सगळ्यात आधी जातो. त्यानंतर चालकाच्या दाराकडची कड, कारण उतरताना प्रत्येक वेळी तिच्यावरून घसरून उतरतो आपण.

मधोमध छोटी फट असेल तर अख्खी खोळ बदलायची गरज नाही. फटीतून आत कापडाचं ठिगळ सरकवायचं, चिकटवायचं, वर वजन ठेवून रात्रभर तसंच राहू द्यायचं. पण शिवण फाटली असेल तर त्याच भोकांतून पुन्हा शिवण्यात अर्थ नसतो. पोस्टाच्या तिकिटाची कड जशी भोकांच्या रांगेवरून फाटते, तसंच रेक्झीन तिथून पुन्हा फाटतं. तो तुकडाच नवा घालावा लागतो. म्हणून चाचा टाका लांब ठेवतात, इंचाला सहा, फार तर सात. बारीक टाका दिसायला छान, पण जितके टाके तितकी भोकं. दोरा नायलॉनचा. सुती दोरा दमट हवेत कुजतो, आणि मुंबईत तर हवा दमटच.

(दृश्य: स्प्रिंगांवर तारेचा ब्रश. ठिणग्या, वेल्डिंग. मग रेडऑक्साइडचा हात.)

खरा खर्च आणि खरी मेहनत खोळीखाली आहे, आणि ती कुणाला दिसत नाही. आमच्या सीटच्या उजव्या बाजूच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. बाबा तिथे चाळीस-पंचेचाळीस वर्षं बसले. अलीकडे ते गाडीत बसले की दाराकडे किंचित कललेले दिसायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं. चाचांनी मोजपट्टी लावली. उजवीकडची उंची डावीकडच्यापेक्षा सव्वा इंच कमी भरली.

तीन स्प्रिंगा तुटलेल्या होत्या. त्यांच्या जागी त्याच जाडीच्या तारेच्या स्प्रिंगा भंगारातल्या एका पद्मिनीच्या मागच्या सीटमधून काढल्या. चौकटीला दोन ठिकाणी वेल्डिंग, मग गंज घासून रेडऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग. स्प्रिंगांवर नवं तरट, दाभणाने आणि सुतळीने टाचलेलं, म्हणजे स्प्रिंग वरच्या थरात घुसत नाही. त्यावर रबर फवारलेल्या काथ्याची गादी. आमचं मूळ गाव मालवणजवळ, तिथे माडाच्या सोडणाचा काथ्या पाहतच मी मोठा झालो, पण आपण सगळे त्याच्यावर बसून फिरतोय हे मला माहीत नव्हतं.

काथ्यावर फोमचा पातळ थर, चाळीस डेन्सिटीचा. पुष्कळ ठिकाणी काथ्या फेकून नुसता जाड फोम भरतात. पहिल्या दिवशी गुबगुबीत वाटतं. पण जाड फोम बसणाऱ्याला वर उचलतो, आणि दमट हवेत काही वर्षांनी त्याचा भुगा होतो. काथ्यातून हवा खेळते. मे महिन्यात पाठीला ते कळतं.

(दृश्य: गच्चीवर उन्हात पसरलेली तांबडी खोळ.)

तांबडं रेक्झीन चौपन्न इंच पन्ह्याचं मिळालं. जुन्यापेक्षा थोडं जास्त चकाकतं, हे मला अजून खटकतं. शिवलेली खोळ चढवण्याआधी चाचांनी ती तासभर उन्हात टाकली. तापलं की रेक्झीन सैल होतं, तेवढ्यात ताणून कड्या अडकवायच्या. गार झालं की ते आपोआप आवळतं. दोघांनी ओढायचं आणि तिसऱ्याने कडी दाबायची. तिसरा मी होतो. तळहातावर दोन फोड आले.

(दृश्य: घराखाली गाडी. सीट रुळांवर सरकते. बोल्ट आवळले जातात.)

बाबा खाली आले. आधी त्यांनी सीटवरून हात फिरवला, पायपिंगच्या कडेने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग बसले. सवयीने दाराकडे कलले, तिथे खळगा सापडला नाही, म्हणून पुन्हा सरळ झाले. आई पलीकडून चढली आणि पदर आवरून बसली.

बाबांनी काच खाली केली आणि माझ्या मुलीकडे पाहिलं. ती फाटकापाशी उभी होती.

“तू मध्ये बस गं,” ते म्हणाले. “पेट्रोल भरून येऊ.”